मदत हवी आहे : भाच्याच्या नावापुढचा ८८ आणि 'नॅटसॉक'

मंडळी,

चवथीला भाचा आमच्याकडे फोंड्याला आला होता. मडगावला अकरावीत आहे. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीचा फोटो काढायला त्याने मोबाइल माझ्या हातात दिला, तर त्यावर गेमिंगच्या गटातलं त्याचं पान उघडंच होतं. नावाच्या शेवटी ८८. पोराचा जन्म २००९ चा! खाली परिचयात एकच शब्द, 'नॅटसॉक'.

मला वाटलं, हायर सेकंडरीतला एखादा नवा विषय असेल. रात्री शोधलं आणि झोप उडाली. नॅटसॉक म्हणजे नॅशनल सोशालिझम, सरळ नाझीवाद. एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर, म्हणून ८८ म्हणजे 'हाइल हिटलर'. त्याच हिशेबाने १८ म्हणजे अडॉल्फ हिटलर. आम्हा गोंयकारांना १८ म्हटलं की पणजीचा अठरा जून रस्ता आठवतो, त्याच तारखेची, १९४६ ची पोर्तुगीज राजवटीविरुद्धची लोहियांची मडगावची सभा आठवते.

विचारलं तर म्हणाला, "अगं मावशी, मीम आहे ते. आणि तो समाजवादच आहे, नावातच आहे ना!"

माझे आजोबा पोर्तुगिजांच्या काळात आग्वादच्या तुरुंगात होते. 'पिडे' हा शब्द उच्चारताना म्हातारपणीही त्यांचा आवाज खाली यायचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या गुप्त पोलिसांचं हे लघुरूप. पूर्ण नाव मात्र किती सभ्य, 'आंतरराष्ट्रीय व राज्यसंरक्षण पोलीस'. १९५१ मध्ये वसाहतींनाही 'सागरापारचे प्रांत' म्हणायला लागले होते. त्या घरातला पोरगा आता हे लिहितो.

अशी आणखी कुठली लघुरूपं असतात? आणि त्याच्याशी बोलू कशी? बहिणीला सांगितलं तर ती मोबाइलच काढून घेईल, म्हणून गप्प आहे.

प्रतिसाद १

ताई, नुसत्या ८८ वरून घाबरू नका, १९८८ साली जन्मलेलेही तो लावतात. चिनी लोकांत तर तो शुभ आकडा. पण शेजारी नॅटसॉक असेल तर योगायोग नव्हे. सोबत १४ दिसतो का पाहा. अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांचं चौदा शब्दांचं घोषवाक्य आहे, त्यात काळजी फक्त गोऱ्या मुलांच्या भवितव्याची. मडगावच्या सावळ्या पोराला त्यात कुठे बसवणार, हे त्यालाच विचारा. आकडे वापरायचं कारण साधं आहे, पूर्ण शब्द लिहिला की खातं बंद पडू शकतं, आणि कोणी हटकलंच तर 'गंमत' म्हणून हात वर करता येतात. सगळीच लघुरूपं लपवायला नसतात म्हणा. भाकप-मालेवाले 'माले' म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवादी हे उघड सांगतात.

प्रतिसाद २

समाजवाद म्हणतो ना? मग डाखाउ सांगा. मार्च १९३३ मध्ये नाझींनी ती छळछावणी उघडली तेव्हा आधी कोंडले ते कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. भाषण मात्र देऊ नका, त्याच्याकडूनच शोधून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. रविवारी तो जेवायला येतोय. हुमण वाढता वाढता आधी आजोबांचं काढते, डाखाउ जेवणानंतर. बहीण इथे वाचत नाही, तेवढं बरं.