भाडेकरूच्या विम्याची अट: प्रश्न सामानाचा नाही
घरमालकाने भाडेकरारात भाडेकरूला विम्याची अट घालावी का, यावर एक मत असे की, भाडेकरूने स्वतःच्या सामानाचा विमा काढायचा की नाही हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे, घरमालकाने त्यात पडू नये. सामानापुरते ते मलाही मान्य आहे. परंतु अशा पॉलिसीत सहसा दायित्वाचे संरक्षणही (म्हणजे भाडेकरूच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई) असते, आणि घरमालकाचा खरा संबंध त्याच्याशी येतो. रात्री वॉशिंग मशीनची नळी निसटली आणि खालच्या घराच्या छताला ओल येऊन प्लास्टरचे पोपडे पडू लागले, तर घरमालकाची विमा कंपनी इमारतीचे नुकसान कदाचित भरून देईल, पण निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास तीच रक्कम ती अनेक ठिकाणी भाडेकरूकडून वसूल करू शकते, हे बहुतेक भाडेकरूंच्या गावीही नसते. म्हणून किमान दायित्वापुरती अट करारात असावी, असे माझे मत आहे. विमा कंपनी कोणती हे मात्र घरमालकाने ठरवू नये (तिथे कमिशनचा वास येतो). शिवाय पॉलिसीची प्रत एकदा फायलीत लावून भागत नाही. दुसऱ्याच महिन्यात हप्ता थकून पॉलिसी बंद पडली, तर घरमालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे रद्द झाल्याची सूचना कंपनीकडून त्यालाही मिळेल, अशी नोंद सुरुवातीलाच करून घ्यावी.