शब्दचर्चा : सॉक हॉप, फ्लिप साइड, पेओला... मराठीत काय लिहायचं?

पानउलट्या :
१९५० च्या दशकातल्या अमेरिकी शाळकरी पोरांवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणतोय. रॉक अँड रोल नुकतंच कानावर पडायला लागलंय, खिशात चार पैसे खुळखुळतायत, शनिवारी रात्री बापाची गाडी मागून घेता येते, असा तो काळ. वाक्यं सोपी आहेत, अडतंय ते वस्तूंच्या आणि सवयींच्या नावांपाशी. सॉक हॉप, गोइंग स्टेडी, फ्लिप साइड, ज्यूकबॉक्स, पेओला, स्क्वेअर. तसंच देवनागरीत ठेवून तळटीप द्यायची सोय आहेच, पण ओळीओळीला तळटीप आली की वाचणारा पान मिटतो. सॉक हॉपला मी सध्या 'मोजेनाच' केलंय. हसू नका.

खडूस_पुणेकर :
हसलोच. 'मोजेनाच' मी पहिल्यांदा 'मोजेना-च' असं वाचलं. वाण्यानं पैसे हातात घेतले आणि काही केल्या मोजेनाच!

क्लीव्हलंडकर :
सॉक हॉप म्हणजे काय ते आधी नीट बघू. नाच शाळेच्या जिममध्ये व्हायचा. तिथली जमीन लाकडी, बास्केटबॉलसाठी वार्निश मारलेली. कडक तळव्याच्या बुटांनी तिच्यावर ओरखडे पडायचे, म्हणून बूट दारात काढायचे आणि मोज्यांवर नाचायचं. 'हॉप' हा नाचाच्या कार्यक्रमासाठी बोलीतला जुनाच शब्द. बहुतेक वेळा वादकांचा ताफा नसायचा, कुणीतरी तबकड्या लावायचा. स्थानिक रेडिओवरचा डिस्क जॉकी तबकड्यांचं खोकं घेऊन यायचा आणि त्याची वरकमाई व्हायची.

मराठीत यातला धोका वेगळाच आहे. 'चपला बाहेर काढून आत गेले' म्हटलं की आपल्याला देऊळ दिसतं, नाहीतर बैठकीची खोली. तिथं पावित्र्याचा काही संबंध नाही, जिमच्या सरांना वार्निशची काळजी. म्हणून पहिल्या उल्लेखात कारणासकट सांगून टाका: 'जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून बूट काढून, नुसत्या मोज्यांवर'. त्यापुढं सरळ 'जिममधला नाच' लिहा. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

मावळतीची_मैना :
+१. आता गोइंग स्टेडी. त्या काळी शाळेतली मुलं आज हिच्याबरोबर सिनेमाला, पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर, असं फिरली तरी कुणाला वावगं वाटायचं नाही. 'स्टेडी' झालं म्हणजे दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही. मुलगा आपली शाळेची अंगठी द्यायचा. ती मुलीच्या बोटात ढिली व्हायची, म्हणून ती साखळीत ओवून गळ्यात घालायची, किंवा अंगठीला दोरा गुंडाळून बोटात बसवायची. अख्ख्या शाळेला दिसावं, हाच उद्देश.

मराठीत 'ठरलंय' म्हटलं तर थेट साखरपुडा होतो. 'चालू आहे' म्हटलं तर दोघांची बदनामी. 'सूत जुळलंय' जवळ जातं, पण त्यात चोरून भेटण्याची छटा आहे आणि इथं तर अंगठी गळ्यात मिरवायची आहे. मी नुसतं 'जमलंय' वापरीन. 'त्यांचं जमलंय हे आता सगळ्यांना माहीत होतं.' बास.

पानउलट्या :
'जमलंय' घेतलं. आणि टीनएजर? 'पौगंडावस्थेतील मुले' लिहिलं की डॉक्टरांचं सदर वाटतं.

खडूस_पुणेकर :
'टीन' कुठून आला ते बघा. थर्टीन ते नाइन्टीन, आकड्यांच्या शेपटाला टीन आहे म्हणून. आपल्याकडं तसं करायला गेलं तर शेपूट बहुतेक 'रा' चं: अकरा ते अठरा. एकोणिसाव्या वर्षी गडी बाद! शिवाय आपल्या भाषेनं वेडेपणाचा मुक्काम आणखी पुढं, गद्धेपंचविशीपर्यंत लांबवून ठेवलाय.

गमतीचं सोडा. हा शब्द तिथंही सर्रास झाला तो १९४० च्या दशकात. 'सेव्हन्टीन' मासिक १९४४ मध्ये निघालं. लहान मूल आणि मोठा माणूस यांच्या मधल्या वयालाही काहीतरी विकता येतं, हे तोवर दुकानदारांच्या ध्यानात आलेलं होतं. म्हणजे हा शब्द वयापेक्षा गिऱ्हाइकाचा जास्त आहे. 'टीनएजर' तसाच ठेवा, मराठीत रुळलाय.

तबकडीबाज :
फ्लिप साइडवर मी बोलतो, माझा प्रांत आहे.

'दुसरी बाजू' लिहू नका. मराठीत दुसरी बाजू म्हणजे वादातली, नाहीतर नाण्याची. 'तबकडीची मागची बाजू' लिहा. आणि तबकडी कुठली तेही सांगा, कारण त्या दशकाचं सगळं गणित तिच्यात आहे. आपल्या आजोबांच्या घरची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी: दहा इंची, जड, पडली की खापरासारखे तुकडे. ती शेलॅकची, म्हणजे आपल्या लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून बाहेरदेशी जायची. महायुद्धात ती मिळेना, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं तबकड्यांसाठीचा शेलॅकचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणली आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची. ही सात इंची, विनाइलची, हलकी, मधे जवळजवळ दीड इंचाचं भोक. तबकड्या एकावर एक रचून आपोआप बदलणारं कंपनीचं यंत्र होतं, त्याचा जाड दांडा त्या भोकात बसायचा. साध्या ग्रामोफोनवर ती लावायची तर भोकात प्लॅस्टिकची चकती बसवावी लागे. एका अंगाला एक गाणं, दुसऱ्या अंगाला एक. पोरासोरांच्या खिशाला परवडणारी हीच. वरच्या बाजूला कंपनीला खपवायचं असलेलं गाणं, मागं कसलंतरी भरताड.

पण कधी कधी भरताडच वर यायचं. बिल हेली आणि त्याच्या कॉमेट्सचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये निघालं ते मागच्या बाजूला. फारसं चाललं नाही. पुढच्या वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' सिनेमाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या बाजूला कुठलं गाणं होतं, ते आता तबकड्या जमवणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

जाता जाता: आपल्याकडं ७८ च्या तबकड्या ६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सच्या कलकत्त्याजवळ दमदमला छापलेल्या ७८ च्या तबकड्यांवर परदेशी संग्राहक आजही जीव टाकतात.

मावळतीची_मैना :
ज्यूकबॉक्स तसाच ठेवा. 'पेटी' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हार्मोनियम येते. आणि मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणी ऐकलेली पिढी अजून आहे, त्यांना समजावून सांगायला नको.

क्लीव्हलंडकर :
ज्यूकबॉक्समधला 'ज्यूक' मात्र सांगण्याजोगा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेच्या किनारपट्टीवरच्या कृष्णवर्णीयांची गुल्ला ही बोली. तिच्यात या शब्दाचा अर्थ धांगडधिंग्याचा, बेताल असा काहीसा. ज्यूक जॉइंट म्हणजे दारू, नाच, गाणं असलेला रस्त्याकडेचा अड्डा. पेटीला हे नाव त्यावरून चिकटलं. यंत्रं बनवणाऱ्यांना ते मुळीच आवडत नव्हतं, ते आपले 'स्वयंचलित फोनोग्राफ' म्हणत राहिले.

रॉक अँड रोलचंही तसंच. जहाजाचं हेलकावणं, चर्चमध्ये भक्तीच्या भरात डोलणं आणि अंथरुणातलं काम, हे तिन्ही अर्थ त्या शब्दांना आधीपासून होते. ट्रिक्सी स्मिथ या ब्लूज गायिकेच्या १९२२ च्या गाण्यात 'रॉक' आणि 'रोल' तिसऱ्या अर्थानं एकत्र आलेले आहेत. आमच्या क्लीव्हलंडच्या डब्ल्यूजेडब्ल्यू रेडिओ केंद्रावर अ‍ॅलन फ्रीड हा डिस्क जॉकी १९५१ पासून रात्री 'मूनडॉग' नावानं कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्या वाजवायचा, आणि ऐकणाऱ्यांत गोरी मुलंही असायची. तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मूनडॉग याच नावानं तिथल्या रस्त्यावर वाजवणाऱ्या एका अंध संगीतकारानं त्याच्यावर दावा लावला आणि जिंकला. फ्रीडला कार्यक्रमाचं नाव बदलावं लागलं. नवं नाव काय ठेवलं असेल? 'रॉक अँड रोल पार्टी'.

खडूस_पुणेकर :
म्हणजे कोर्टाच्या कृपेनं बारसं! फ्रीडचा विषय निघालाच आहे तर पेओला घ्या. माझ्या मते 'चिरीमिरी'.

तबकडीबाज :
नाही पटत. चिरीमिरी शिपायाला देतात, तुमचा कागद पुढं सरकावा म्हणून. पेओलाची रक्कम लहानही असे आणि डोळे फिरवणारीही. शब्दाची घडण 'पे' अधिक 'ओला'. ग्रामोफोनच्या एका मॉडेलचं नाव व्हिक्ट्रोला होतं, त्याचं शेपूट. तबकडी कंपनीनं डिस्क जॉकीला पैसे द्यायचे, त्यानं तीच तबकडी सारखी लावायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, गाणं लोकांना आवडतंय. म्हणजे फसवणूक ऐकणाऱ्याची. 'लाच' म्हणावं तर तेव्हा असे पैसे घेणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गुन्हाच नव्हता. १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं चौकशी झाली आणि त्यानंतर १९६० मध्ये न सांगता पैसे घेण्यावर बंदी आली. फ्रीडनं न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली १९६२ मध्ये गुन्हा कबूल केला. दंड ३०० डॉलर. नोकरी आधीच गेली होती, नावही गेलं.

आणि सगळं रोखीतच चालायचं असंही नाही. रॉक अँड रोल गायक चक बेरीचं 'मेबलीन' हे गाणं १९५५ मध्ये आलं. 'आयडा रेड' या जुन्या लोकगीतावरून ते बेरीनं बेतलेलं, पण तबकडी निघाल्यावर त्याला कळलं की गीतकारांत आणखी दोन नावं आहेत आणि त्यातलं एक फ्रीडचं. आता गाणं वाजलं की फ्रीडला पैसे, म्हणजे फ्रीड ते वाजवणारच. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर गुपचूप नाव चढवावं तसला प्रकार. बेरीला सगळा हक्क परत मिळाला तो १९८६ मध्ये.

पानउलट्या :
मग शब्द काय?

तबकडीबाज :
'पेओला' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'पैसे घेऊन गाणं वाजवायचा धंदा' असं उलगडून लिहा. 'बिदागी' मनात आला होता, पण तो कलाकाराला मान म्हणून देतात. उपरोधानं वापरायचा असेल तर झकास बसेल.

फोंड्याचो_झील :
विषय थोडा सोडून. या लाटेचे आपल्याकडचे शिंतोडे म्हणजे १९५७ च्या 'आशा' मधलं 'ईना मीना डीका'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर अण्णा. त्यात ते 'माका नाका' येतं ना, ती निरर्थक अक्षरं नव्हेत, कोकणी आहे: 'मला नको'. अण्णांच्या ताफ्यातल्या जॉन गोम्स या गोंयकार वादकानं ते सुचवलं असं सांगतात. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत तेव्हा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवर आमचेच लोक जास्त, त्यामुळं मला ते सहज खरं वाटतं.

मावळतीची_मैना :
अर्धी पोरं अजून 'टोलनाका' समजून गातात ते.

पानउलट्या :
राहिला स्क्वेअर. 'चौकोनी' अर्थातच नको, आपल्याकडं कुटुंब चौकोनी असतं. मनात 'नाकासमोर चालणारा' आहे.

खडूस_पुणेकर :
ते स्थळ बघताना कौतुकानं सांगतात हो! स्क्वेअर ही शिवी आहे. जॅझवाल्यांकडून आलेली, आणि अर्थ असा की याला ताल कळत नाही, हा आपल्यातला नाही. मुलगा असेल तर 'शामळू'.

मावळतीची_मैना :
मुलगी असेल तर 'काकूबाई'. आणि लेखात जिथं पोरं आईबापांना स्क्वेअर म्हणतात, तिथं 'बुरसटलेले' लिहा. एकच मराठी शब्द सगळीकडं ठोकून बसवू नका.