मदत हवी आहे: दुनळी बंदुकीचा डावा बार फुटत नाही, पिन कुठे मिळेल?

देवगडकर_ठाण्यात
गावच्या बंदुकीचा डावा बार जूनपासून फुटत नाही. उजवा व्यवस्थित फुटतो. डावा ओढला की नुसतं 'टक'. १२ बोअर दुनळी आहे, आजोबांच्या वेळची. फायरिंग पिन गेली असणार. ठाणे-मुंबईत पिन कुठे मिळेल ते सांगा. गणपतीला गावी जातोय, येताना बंदूक बरोबर घेऊन येतो आणि इथेच बसवून घेतो. भात पोटरीला आलंय, पुढच्या महिन्यात डुकरं उतरतील. बागेत वानरं तर रोजचीच. प्लीज लवकर सांगा.

जुना_नेमबाज
कुठली पिन सांगू? बंदूक कुठल्या मेकची ते लिहिलंच नाहीत. घोडे बाहेर दिसतात की आत आहेत? इशापूरची (सरकारी कारखान्यातली), मुंगेरची की विलायती? इशापूरची पिन जुन्या विलायतीत बसत नाही, आणि विलायतीतसुद्धा एकीची दुसरीला बसेलच असं नाही, कारण ते भाग हातानं घासून त्याच बंदुकीला जुळवलेले असतात. बाहेर घोडा न दिसणाऱ्या कित्येक इंग्लिश बंदुकांत वेगळी पिन नसतेच. आतल्या घोड्याचंच टोक भोकातून पुढे येऊन केपवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीवर) आपटतं.

न फुटलेलं काडतूस ठेवलंय का? केपवरचा खड्डा खोल आहे की नुसती टोचणी? मधोमध आहे की कडेला?

सडेकर
आमच्या दुनळीला हाच त्रास होता. लेथवाल्याकडे नेली, त्याने अर्ध्या तासात पिन बनवून दिली. सात वर्षं चालू आहे. एवढा विचार कशाला करायचा?

अॅड_संगमेश्वर
सडेकर, हे दुसऱ्यांना सांगू नका. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. लेथवाल्याकडे तो नसतो. उद्या काही झालं तर तो अडकेल आणि देणाराही.

धागाकर्त्यांना विचारते: परवाना कोणाच्या नावावर आहे? 'गावच्या बंदुकीचा' यावरून कळत नाही. तुमच्या नावावर नसेल तर ती गाडीत टाकून ठाण्याला आणता येणार नाही.

देवगडकर_ठाण्यात
परवाना बाबांचा आहे, शेती संरक्षणाचा, रिन्यू केलेला आहे. त्याचा पिनेशी काय संबंध? १२ बोअर दुनळी हे लिहिलंय की वर. मला फक्त दुकान हवंय.

वेंगुर्ल्याचो_झिल
बंदूक बापाशीच्या नावार आसा तर तू ती ठाण्याक कशाक घेवन जातंस रे? चेकनाक्यार अडवल्यानी तर काय सांगशीत?

निवृत्त_हवालदार
वकीलबाईंच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती करतो. कलम ३ मध्येच सोय आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. मात्र परवाना कुठपर्यंत चालतो ते बघा. जिल्ह्यापुरता असेल तर ठाणे विसरा. मूळ परवाना बरोबर हवा, झेरॉक्स नाही. बंदूक उघडून, रिकामी, म्यानात.

अॅड_संगमेश्वर
बरोबर, ती तरतूद आहे, मी घाईत लिहिलं. तरीही बाबांनी स्वतः जाणं सगळ्यात सुरक्षित. चिठ्ठी खरी की खोटी यावर रस्त्यात तासभर जातो.

पंपवाला
माझं स्पष्ट मत, जुनी दुनळी विकून टाका आणि सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची पंप अॅक्शन घ्या. एक नळी, एक चाप, चार-पाच काडतुसं आत. माझ्याकडे आहे आणि एकदाही दगा दिलेला नाही. जुन्या बंदुकीचे पार्ट शोधण्यात आयुष्य जातं.

जुना_नेमबाज
पंपवाले, त्यांनी नवीन बंदूक विचारलेली नाही. शिवाय दुनळीत दोन स्वतंत्र कळा (घोडा-स्प्रिंगच्या यंत्रणा) असतात, एक बिघडली तरी दुसरी चालते. त्यांचा उजवा बार आजही फुटतोय तो म्हणूनच. पंप अडकली की सगळीच अडकली. आणि बंदूक विकून बदली घ्यायची तर परवान्यावर नोंदी करण्यात भात कापून होईल.

पंपवाला
माझी कधी अडकली नाही. साफ ठेवली तर अडकत नाही.

जुना_नेमबाज
साफ ठेवली तर दुनळीही फुटते. मुद्दा तिथेच येतोय. देवगडकर, तेल कुठलं घालता? आणि ठेवता कुठे?

देवगडकर_ठाण्यात
बाबा खोबरेल लावतात, आजोबाही तेच लावायचे. आतून-बाहेरून चकचकीत असते. कपाटात असते. यंदा, २०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चमध्ये पोलीस ठाण्यात जमा केली होती, जूनमध्ये परत मिळाली. तिथे गोणपाटात गुंडाळून ओळीनं उभ्या केलेल्या होत्या. आणली तेव्हा नळीवर लालसर डाग होते, बाबांनी पुसून काढले. त्यानंतरच डावा बार बंद झाला.

जुना_नेमबाज
ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये हवी होती.

खोबरेल लोखंडावर साचत गेलं की त्याचा चिकट थर होतो. बाहेरून पुसलं जातं, पण कळीत उतरलेलं निघत नाही. त्यात धूळ, पावसाळी ओल. घोडा पडतो, पण चिकटून रेंगाळत पडतो. आवाज 'टक' येतो, केपला मार बसत नाही. माझी पैज नाही, पण पिन शाबूत निघण्याची शक्यता बरीच आहे.

सडेकर
आमच्याकडे तीन पिढ्या खोबरेलच. कोकणात दुसरं मिळायचंच काय तेव्हा?

बोटमेकॅनिक
समुद्रकाठचा माणूस म्हणून सांगतो, डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा आणि विसरा.

जुना_नेमबाज
डब्ल्यूडी-४० पाणी काढायला ठीक, पण ते उडून जातं, मागे टिकाऊ थर राहत नाही. कळीत फवारलं तर जुनी घाण भिजून आणखी आत जाते आणि दस्त्याच्या लाकडात मुरते. नळीसाठी गजावर कोरडं फडकं, मग तांब्याच्या तारेचा ब्रश, पुन्हा कोरडं फडकं, शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा हात. थेंब ओघळता कामा नये. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पुन्हा. कपाटात नळी खाली करून ठेवली तर जादा तेल लाकडाकडे उतरत नाही. लाकडाला जवसाचं तेल, बोटानं चोळून, अगदी थोडं.

मालवणची_सून
अवांतर होईल, पण विचारते. म्यानात ठेवू नये असं सासरे म्हणतात, खरं का? आमची कातड्याच्या म्यानात असते.

निवृत्त_हवालदार
खरं आहे. म्यान ने-आण करायला. कातडं ओल धरतं. आमच्या मालखान्यात म्यानासकट जमा झालेल्या बंदुकाच सगळ्यात जास्त गंजायच्या. जमा करताना मालकांनी स्वतः तेलाचं फडकं फिरवून, म्यान घरी ठेवून यावं.

हापूस_बागायतदार
तुम्ही सगळे बंदुकीत अडकलात. डुकराला मारायचं असेल तर वन्यजीव कायदा १९७२ आहे, वनखात्याची लेखी परवानगी लागते, शेती संरक्षणाचा परवाना असून चालत नाही. आम्ही सौर कुंपण घातलं, दोन वर्षं डुक्कर आत आलेलं नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर ठेवा आणि गवत वेळेवर काढा, नाहीतर करंट उतरतो.

देवगडकर_ठाण्यात
आम्ही मारत नाही. हवेत बार काढला की कळप पळतो, तेवढंच. आमच्या मळ्यांना कुंपण घालायचं तर चार वाटण्यांतले सगळे भाऊबंद तयार हवेत. आणि वानराला कुंपण काय करणार?

जुना_नेमबाज
गावी पोचलात की एवढं करा, आणि बाबांनाच करू द्या. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करा, उलट्या धरा. कडीजवळच्या सपाट भागावर बारीक शिक्के असतात. ते जसेच्या तसे लिहून टाका. कळीचे स्क्रू मात्र सोडू नका. विलायती बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते, घरातला पेचकस घातला की तिचे ओठ फाटतात.

यापुढे कधी बार फुसका गेला तर लगेच उघडू नका. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटलेलं काडतूस उघड्या बंदुकीत फुटतं.

देवगडकर_ठाण्यात
(गौरी-विसर्जनानंतर) गावाहून लिहितोय. शिक्के असे आहेत: मुकुट आणि खाली बीव्ही, मुकुट आणि खाली एनपी, चौकटीसारख्या हिऱ्यात १२ आणि सी, त्याच्या बाजूला २½, आणि १⅛ ओझेड. घोडे आत आहेत. न फुटलेल्या काडतुसाच्या केपवर अगदी नखाएवढीही खोच नाही, नुसता ठिपका, पण मधोमध. खडकीच्या काडतुसांच्या डब्यावर ७० मिमी लिहिलंय.

जुना_नेमबाज
आता सगळं कळलं. बर्मिंगहॅमची आहे. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि छऱ्यांचं वजन ठोकायची पद्धत १९२५ च्या नियमांपासूनची, आणि मुकुटाखालचे हे जुने शिक्के १९५४ पर्यंतचे, म्हणजे बंदूक त्या दरम्यानची. एनपी म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. ही चांगली बातमी.

वाईट बातमी ७० मिमी ही आहे. २½ इंच म्हणजे काडतुसांच्या भाषेत ६५ मिमी. ७० हा आकडा फुटून उलगडलेल्या काडतुसाचा असतो. न फुटलेलं दुमडलेलं असतं, म्हणून ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट शिरतं आणि माणूस फसतो. फुटताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, दाब वाढतो. निदान सत्तर वर्षांच्या जुन्या नळीला हा मार रोज द्यायचा नाही.

फुटलेली रिकामी काडतुसं पडली असतील तर तोंडाकडून बघा.

देवगडकर_ठाण्यात
खळ्यात तीन सापडली. तोंडाची कड झिजलेल्या झाडूसारखी फाटलेली आहे, आणि आत वळलेली. बाबा म्हणतात, दोन वर्षांपासून खांद्याला धक्का जास्त बसतो, त्यांना वाटलं वय झालं म्हणून. मला हे वाचून पोटात गोळा आला. बाबा ७४ वर्षांचे आहेत.

पंपवाला
चेंबर ७० चे करून घ्या, दुकानात रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवून देतात.

जुना_नेमबाज
कृपा करून नको. तिथली नळी आधीच पातळ, ती आणखी पातळ होईल आणि जुन्या प्रूफचा (दाब-तपासणीचा) शिक्का निरर्थक ठरेल. ६५ मिमीची, हलक्या भाराची काडतुसं मागवा. मिळेपर्यंत बंदूक बंद.

सडेकर
आमच्या बंदुकीचे शिक्के आज पहिल्यांदा बघितले. आमची इशापूरची निघाली, चेंबर ७० चं आहे. पण पिन लेथवरची आहे हे आता डोक्यात राहणार. पिन कारखान्यातून मागवता येते का? बोर्डाला पत्र टाकू?

निवृत्त_हवालदार
ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड आता नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या सात कंपन्या झाल्या. इशापूरची रायफल फॅक्टरी एडब्ल्यूईआयएल या कंपनीत गेली, खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडियात. जुन्या पत्त्यावर पत्र टाकण्यापेक्षा परवानाधारक विक्रेत्यामार्फत मागवा, बंदुकीचा नंबर द्यावा लागेल.

देवगडकर_ठाण्यात
काम झालं. बाबांचा परवाना राज्यभराचा निघाला. बाबा आणि मी एसटीने कोल्हापूरला गेलो, परवानाधारक कारागिराकडे. त्यांनी कळीची खालची पट्टी काढली तेव्हा आत मधासारखा तपकिरी थर होता, काडीनं ओढला तर तार निघाली. डावा घोडा त्यात रुतलेला. पिन वेगळी नव्हतीच, घोड्याचंच टोक होतं आणि शाबूत होतं. फक्त ज्या भोकातून ते बाहेर येतं तिथे गंज धरला होता. स्प्रिंगही ठीक. साफसफाई करून रिकाम्या नकली काडतुसांवर दोन्ही चाप आमच्यासमोर चालवून दाखवले. पुढचं लाकूड काढून नळ्या हलतात का तेही बघितलं, हलत नाहीत.

६५ मिमीचा डबा तिथले विक्रेते मागवून देणार आहेत. तोपर्यंत भावकीतले दोघे पोरगे पत्र्याचे डबे वाजवत मळ्यात बसतात.

आणखी एक विचारायचं आहे. परवाना पुढे माझ्या नावावर करायचा तर बाबा असेपर्यंत होतो का, की नंतरच?

अॅड_संगमेश्वर
असेपर्यंत होतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाची तरतूद आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. बाबा ७४ चे, म्हणजे आजही अर्ज करता येईल. इतर वारसांची ना-हरकत आताच घ्या, सगळे एकत्र आहेत तोवर. विधानसभेची आचारसंहिता लागली की कार्यालय त्यात गुंतेल, त्याआधी अर्ज आत जाऊ द्या.

निवृत्त_हवालदार
आणि बंदूक पुन्हा जमा करायची वेळ आली तर तेलाचं फडकं फिरवून द्या. खोबरेलाचं नको.