एकाच नावावर आख्याने, डाळिंब आणि हिशेबतपासणी : लेखक एक की अनेक?

कोथरूडचा वाचक

आमच्या सोसायटीच्या वाचनालयाला पुस्तकांचा एक जुना संग्रह भेट मिळाला असून त्याची लेखकनामानुसार सूची करण्याचे काम माझ्याकडे आहे. दोन आद्याक्षरे आणि ‘कुलकर्णी’ हे आडनाव अगदी सारखे असलेली सहा पुस्तके त्यात आहेत : कीर्तनाची आख्याने, डाळिंबाच्या लागवडीवरील पुस्तिका, हिशेबतपासणीचे पाठ्यपुस्तक, दोन बालनाटिका आणि एक कथासंग्रह. संगणकात नाव निवडले की ही सर्व पुस्तके आपोआप एकाच लेखकाखाली जातात. विषय इतके भिन्न असताना लेखक एकच मानावा का? आयएसबीएनवरून काही ठरवता येईल का?

निवृत्त ग्रंथपाल, सदाशिव पेठ

आयएसबीएनचा येथे उपयोग नाही. तो क्रमांक प्रकाशकाची आणि विशिष्ट आवृत्तीची ओळख देतो, लेखकाची नाही. शिवाय जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. विषयांच्या भिन्नतेवरूनही निर्णय करू नये. शाळेत शिकवणारा, मुलांसाठी नाटिका लिहिणारा आणि चातुर्मासात कीर्तन करणारा माणूस आपल्याकडे दुर्मीळ नव्हता. पण दोन आद्याक्षरे आणि कुलकर्णी असे नाव धारण करणारी माणसेही पुण्यात कमी नव्हती.

खरा पुरावा पुस्तकाच्या अंगावरच असतो. नावापुढची पदवी पाहावी, प्रस्तावनेखालचे गाव आणि तिथी पाहावी (शके १८८९ असेल तर ७८ मिळवून १९६७ साल येते), लेखकाने स्वतःच प्रकाशन केले असल्यास त्याचा पत्ता पाहावा, आणि ‘लेखकाची इतर पुस्तके’ ही शेवटच्या पानांतली यादी तर अवश्य वाचावी, कारण तिच्याइतका थेट पुरावा दुसरा क्वचितच मिळतो. असा पुरावा हाती येईपर्यंत नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. वेगळ्या नोंदी पुढे एकत्र करणे सोपे असते. चुकीने एकत्र झालेल्या नोंदी सोडवताना मात्र प्रत्येक पुस्तक पुन्हा हाती घ्यावे लागते.

संतवाङ्मयाची अभ्यासक

मराठीत हा प्रश्न छापखान्याहून जुना आहे. संत नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या गाथेत विष्णुदास नामा या कितीतरी नंतरच्या कवीचे अभंग मिसळलेले आहेत, आणि अभंगाच्या शेवटी येणाऱ्या ‘नामा’ या मुद्रेवरून त्यांची वाटणी करता येत नाही, म्हणून अभ्यासकांना भाषेकडे, त्यात उल्लेखिलेल्या व्यक्तींकडे आणि हस्तलिखितांच्या काळाकडे वळावे लागले. याच्या उलट प्रकारही आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. गडकऱ्यांसारखा लेखक अल्पपरिचित असता, तर आपल्या सूचीत त्याचे तीन लेखक झाले असते. म्हणून सूचीकाराने नाव आणि व्यक्ती या दोन गोष्टी वेगळ्या मानूनच आरंभ करावा, असे मला कळकळीने वाटते.

सूचीप्रेमी

वरील सूचना योग्यच आहेत. त्यांत एक भर घालतो. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा भाग १९३८ ते १९५० या काळातील पुस्तकांचा आहे. आपली पुस्तके त्या काळातील असतील, तर नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन ती सूची पाहण्याचा प्रयत्न करावा आणि आद्याक्षरांमागचे पूर्ण नाव कोठे मिळते का ते तपासावे. वडिलांचे नाव निराळे निघाले, की बहुतेक वेळा प्रश्न तेथेच सुटतो. पूर्ण नावही सारखेच निघाले, तर नावापुढे जन्मवर्ष लिहावे, आणि ते न मिळाल्यास ‘कीर्तनकार’ किंवा ‘कृषिलेखक’ असा शब्द जोडावा.

कोथरूडचा वाचक

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे पुस्तके पुन्हा पाहिली. एका बालनाटिकेच्या शेवटच्या पानावरील यादीत दुसरी नाटिका आणि कथासंग्रह या दोहोंची नावे आहेत, त्यामुळे ती तिन्ही पुस्तके एका लेखकाखाली घेतली. डाळिंबाच्या पुस्तिकेवर कृषी शाखेची पदवी आणि राहुरीचा पत्ता आहे, तर नाटिकांच्या प्रस्तावनेखाली पुणे असून पदवी शिक्षणशास्त्राची आहे. एवढ्यावरून दोन माणसे निश्चित होत नाहीत, परंतु एकत्र करण्यास आधारही नाही. म्हणून ती पुस्तिका, आख्याने आणि पाठ्यपुस्तक यांच्या नोंदी तूर्त स्वतंत्र ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक नोंदीत त्याचे कारणही लिहिले आहे.