सल्ला हवा: बी.एड.च्या पोर्टफोलिओत स्वतःची प्रगती कशी दाखवावी?

छात्राध्यापिका_गणित
सर्व सदस्यांस नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात असून माझी अध्यापन पद्धती गणित आहे. सूक्ष्म अध्यापन (एकेका अध्यापन कौशल्याचा छोटा सराव), सराव पाठ आणि सध्या शाळेत चालू असलेली आंतरवासिता (इंटर्नशिप) यांच्या टाचणांनी, म्हणजे पाठांच्या लेखी आराखड्यांनी, दोन फाइली भरल्या आहेत, परंतु त्या चाळताना मी पहिल्या पाठापासून काय शिकले, हे माझे मलाच दिसत नाही. सर्वोत्तम ५ पाठ, शैक्षणिक साहित्याची छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे लावावीत, असे मैत्रिणी सुचवतात. हा पोर्टफोलिओ पुढे मुलाखतीतही दाखवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

अध्यापक_महाविद्यालयातून
ताई, सर्वोत्तम ५ पाठांवरून आपण आज कशा शिकवता एवढेच कळेल. आपण कुठून निघालात हे कळण्यासाठी फसलेला पाठही लावावा लागेल. त्यासाठी एकच घटक निवडा. सहावीच्या वर्गात ०.३५ आणि ०.४ यांतील मोठी संख्या विचारली, की पुष्कळ मुले ०.३५ सांगतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. पहिल्या पाठात आपण केवळ ‘शून्य जोडून अंक समान करा’ हा नियम सांगितला असेल, तर ते टाचण, त्यावरील निरीक्षकांचा शेरा आणि त्या दिवशीच्या दोन-तीन वह्यांच्या छायाप्रती एकत्र ठेवा. त्यामागे पुढच्या पाठाचे टाचण लावा, ज्यात मुलांनी १०० चौकटींच्या कागदावर दोन्ही संख्या रंगवल्या, किंवा ४ रुपये ५ पैसे कोणी ४.५ असे लिहिले आणि ते का चुकले यावर वर्गात बोलणे झाले. त्याच मुलांची नंतरची उत्तरेही हवीत, कारण आपली प्रगती शेवटी त्यांच्या वहीतच तपासता येते.

या दोन पाठांच्या मध्ये ‘मी काय बदलले आणि का’ हे एक पान असू द्या, आणि ते पाठ झाला त्याच दिवशी लिहा. महिन्यानंतर लिहिले, की प्रत्येक पाठाखाली ‘विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला’ हेच वाक्य येते. सूक्ष्म अध्यापनाचे चक्र आठवा: ६ मिनिटे अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनराध्यापन आणि ६ पुनर्प्रत्याभरण. या ३६ मिनिटांत सर्वाधिक वेळ पुनर्नियोजनाला दिलेला आहे, तरीही आपल्या फाइलींत नेमके त्याचेच काही उरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुख्याध्यापिका_माध्यमिक
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र मुलाखतीसाठी वेगळी, १०-१२ पानांची प्रत करावी. आम्हाला जाड फाइल पाहण्यास वेळ मिळत नाही, आणि उमेदवाराने स्वतः दाखवलेली चूक मला मोलाची वाटली, तरी मंडळावरील प्रत्येकाला ती तशी वाटेलच असे नाही. म्हणून फसलेला पाठ एकटा न ठेवता त्याच्या समोरच्याच पानावर सुधारलेला पाठ असावा. मुलांची नावे झाकावीत आणि पालकांच्या व शाळेच्या परवानगीशिवाय त्यांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे लावू नयेत.

छात्राध्यापिका_गणित
दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. दशांश अपूर्णांकांचे पहिले टाचण सापडले, परंतु त्यावर ‘ठीक’ एवढाच शेरा आहे. अशा वेळी पुरावा कोणता द्यावा?

अध्यापक_महाविद्यालयातून
त्या पाठाचे जे आठवते ते आजची तारीख घालून लिहा. जुनी तारीख घालू नका. यापुढे शाळेची परवानगी घेऊन पाठातील १० मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा आणि आपण किती प्रश्न विचारले, त्यांतील किती ‘का’ किंवा ‘कसे’ विचारणारे होते, आणि उत्तरासाठी मुलांना निदान ३ सेकंद दिले का, हे स्वतः मोजा. आंतरवासितेच्या आरंभीचे आणि अखेरचे असे दोन तक्ते शेजारी ठेवले, तर ‘ठीक’ या शेऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक कळेल. सहछात्राध्यापिकेला मागच्या बाकावर बसवून तिच्याकडूनही हीच नोंद करून घ्या. आपण स्वतः मोजलेले सेकंद बहुधा जास्त भरतात.