जुन्या घराचं वायरिंग तपासून घ्यायचंय, काय काय बघायला सांगू?

प्रश्न:
नमस्कार, आमचं वाईचं घर १९७४ सालचं, आजोबांनी बांधलेलं. पुढची खोली २००९ मध्ये नवी केली पण स्वयंपाकघर आणि मोरीकडे अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे, काळी गोल बटणं, मीटरशेजारी चिनी मातीचे फ्यूज. आई एकटी असते तिथं. पाऊस लागल्यापासून फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात म्हणते, आणि ती रबरी चप्पल घालून फ्रिज उघडते हे काल कळलं तेव्हापासून मला झोप नाही. एक इलेक्ट्रिशियन आला, दोन मिनिटं टेस्टर लावला आणि म्हणाला ओलीमुळे होतं असं. दुसरा म्हणतो सगळं घर फोडून नवीन करा. आधी नीट तपासणी करून मिळते का? कोणाला बोलवू?

उत्तर १:
ताई, आधी आईंना फोन करा, मेन स्विच बंद करून फ्रिजचा प्लग काढायला सांगा, आजच. मुंग्या येतात म्हणजे करंट बॉडीवर येतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही, अर्थिंग गेलेलं आहे. टेस्टरने बोर्डात फेज (करंट आणणारी तार) आहे का एवढंच कळतं, वायरच्या आतली अवस्था नाही कळत. सरकारी परवाना असलेला इलेक्ट्रिकल ठेकेदार बोलवा आणि मेगर (वायरवरचं आवरण करंट किती अडवतं ते मेगओहममध्ये मोजणारं यंत्र) आहे का ते फोनवरच विचारा. मेन बंद करून, बल्ब-प्लग सगळं काढून, ५०० व्होल्टवर एकेक सर्किट तपासायचं, एक मेगओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायचीच. मीटरच्या पुढचं सगळं आपल्या जबाबदारीत येतं, महावितरणचा माणूस ते बघत नाही.

अजून एक, जुन्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) दोन्हीवर फ्यूज असतात. न्यूट्रलचा उडाला की दिवा जातो, लोकांना वाटतं लाइट गेली, पण वायरीत फेज तसाच असतो आणि बल्ब बदलताना माणूस चिकटतो. तो फ्यूज काढून न्यूट्रल सरळ जोडून घ्या.

उत्तर २:
आमच्या सांगलीच्या घरी अगदी हेच झालं होतं. अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, पूर्वी सर्रास तसंच करायचे, मग आम्ही प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाइप टाकले आणि त्या दिवशी घराचं अर्थिंगच संपलं, कितीतरी वर्षं कोणाच्या लक्षात नाही. वाईट म्हणजे उरलेल्या लोखंडी तुकड्यावर, मोरीतल्या नळावर करंट यायला लागला. तुम्ही नळ बदललेत का कधी? तार हातात धरून शेवटपर्यंत कुठे जाते ते बघायला सांगा (मेन बंद करून). आम्ही परसात खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं.

उत्तर ३:
एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावला म्हणजे झालं असं समजू नका, तो वायर वाचवतो, माणूस नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) पाहिजे. जुन्या वायरिंगवर तो सारखा ट्रिप होतो आणि मग वैतागून लोक बायपास करतात, कृपा करून तसं करू नका, तो पडतोय म्हणजे कुठेतरी खरंच लीकेज आहे. आणि गीझर, एसीला ४ स्क्वेअर एमएम वायरची वेगळी लाइन, जुन्या पट्टीवरून अजिबात नको.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मेगरवाले आले होते. पुढची खोली चांगली निघाली, स्वयंपाकघर ०.२ मेगओहम! कौलातून पाणी झिरपून जॉइंटमध्ये उतरलं होतं, आतलं रबर बोट लावल्यावर भुगा झालं. आणि हो, नळ आम्ही २०१६ ला बदललेत, अर्थिंगची तार मोरीमागे नुसती लोंबत होती. सोमवारपासून स्वयंपाकघर, मोरी आणि अर्थिंगचं काम सुरू, बाकी घर फोडायची गरज नाही म्हणाले. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं हे आईला कॅलेंडरवर लिहून देणार आहे. तोवर तिचं दूध शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये.