रोज फिरताना काढलेले साधे फोटो टाकावेत का, आणि टाकायचे तर कसे?

पामबीचची_सकाळ:
नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला ज्वेलला जाते, म्हणजे ज्वेल ऑफ नवी मुंबई, पामबीच रोडच्या कडेचा होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पाणी साठवायचं मोठं तळं. चालता चालता मोबाईलवर फोटो काढायची सवय लागली ती लागलीच, आता फोनमध्ये चार हजारांच्या वर फोटो झालेत. वाघ-बिघ काही नाही त्यात. खंड्या, वंचक, शेकाट्या असे नेहमीचे पक्षी, पाऊस यायच्या आधीचं खाडीवरचं आभाळ, आणि वाटेतलं एक ताम्हणाचं झाड, त्याचे तर थंडीत पानं तांबडी होऊन गळतात तिथपासून एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं तिथपर्यंत सगळे आहेत. शिवाय वर्षातून दोन-तीनदा एसटीने कुठे जातो त्या प्रवासातले.

फॅमिली ग्रुपवर टाकते, चार अंगठे येतात, संपलं. त्यांची काही चूक नाही, सगळे आपापल्या घाईत असतात, पण मला मनापासून वाटतं की कुणीतरी जरा थांबून बघावं, विचारावं की हे काय आहे गं. आणि फोटोग्राफीच्या ग्रुपवर गेलं की तिथे हातभर लांब लेन्सवाल्यांचे फोटो, पिसंन् पिसं मोजता येईल असे, तिथे माझा वायरवर बसलेला खंड्या टाकायला हात धजत नाही.

परवाचंच सांगते. करावे गावाच्या बाजूला खाडीकडे गेले होते, ओहोटी होती, पाणी पार आत गेलेलं. चिखलात बोटाएवढा मासा पाण्याबाहेर बसलेला! डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, पुढच्या दोन परांवर रेटा देत सरपटत होता, आणि दुसरा जवळ आला की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभा करायचा. मी वीस मिनिटं उभी होते तिथे. दहा-बारा फोटो आहेत, थोडे लांबून आलेत पण तो पर उभा केलेला एकात नीट दिसतोय. असे फोटो कुणाला बघायला आवडतील का? एका वेळी किती टाकावेत, सोबत काय लिहावं, जागा सांगावी की नाही? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

दिवागाव_कन्या:
ताई तो निवटी! आमच्या दिवा गावात, ऐरोलीच्या, कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. माझी आजी ओहोटीला चिखलात उतरून बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायची, घरी आणल्या की टोपात सुद्धा उड्या मारायच्या, आणि त्याचं आंबट कालवण म्हणजे विचारू नका. तो पाण्याबाहेर राहू शकतो कारण अंग ओलं असेल तोवर कातडीतून श्वास घेतो आणि कल्ल्यात पाणी धरून ठेवतो, म्हणून तर सारखा चिखलात लोळून अंग भिजवत असतो, पुढच्या वेळी बघा.

तुम्ही विचारलंत कुणाला आवडतील का, मी म्हणते हेच फोटो टाका. आपली खाडी म्हटली की सगळ्यांना फ्लेमिंगोच दिसतात. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, नाव गेलं, ऐरोलीहून बोट सुटते, हे सगळं चांगलंच झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण ते पक्षी येतात ते या चिखलातलं खायला ना. चिखलाचा फोटो कोण काढतं? निवटी, चिंबोरी, कालवं, तिवराची, म्हणजे खारफुटीची, वर आलेली मुळं, हे बघणारं माणूस मला आज भेटलं. आमची पुढची पिढी टॉवरमध्ये राहायला गेली, माझ्या मुलाने निवटी फक्त माझ्या बोलण्यात ऐकलीय. तुमचा फोटो मी त्याला दाखवणार आहे, नक्की टाका.

सोबत तारीख, वेळ आणि भरती होती की ओहोटी एवढं लिहाच, खाडीच्या फोटोला त्याशिवाय अर्थ लागत नाही.

येऊरवारी:
जागेबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, कारण माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, रविवारी येऊरच्या जंगलात जातो. काही वर्षांपूर्वी रस्त्याजवळच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी सापडली. सकाळी उन्हाला दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसायचे, एकमेकांना चिकटून, डोळे अर्धे मिटून. सात-आठ रविवार गेलो, शेवटी एक फोटो फार सुंदर आला आणि आनंदाच्या भरात एका ग्रुपवर टाकला, खाली अमुक वळण, त्यानंतरचं डावीकडचं तिसरं झाड असं सगळं लिहून. पुढच्या रविवारी गेलो तर झाडाखाली आठ-दहा माणसं. एकजण मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज लावून बसलेला, दुसऱ्याने पक्षी बाहेर यावा म्हणून खोडावर काठी आपटली. मी बोललो, वाद झाला, पण पत्ता मीच दिलेला होता ना. दोन-तीन आठवड्यांत जोडी दिसेनाशी झाली, परत त्या ढोलीत कधीच दिसली नाही. अजून त्या झाडाखालून जाताना मान आपोआप वर जाते.

तेव्हापासून माझं ठरलंय, घरट्याचा फोटो टाकायचा नाही, घुबड-पिंगळ्याची जागा सांगायची नाही, नुसतं ‘येऊर’ लिहायचं. ज्वेलचा खंड्या, शेकाट्या यांची जागा खुशाल सांगा, ते सगळ्यांसमोरच असतात.

आणि एक, फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर ते फोटोच्या फाईलमध्येच जाऊन बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ती माहिती निघून जाते पण फोटोही दाबला जातो, क्वालिटी राहावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर क्वालिटीबरोबर जागाही समोरच्याकडे पोचते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायच्या साइटवर, टाकणार असाल तर तिथे जागा झाकायची सोय आहे, मग नेमक्या ठिकाणाऐवजी साधारण २२ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो, आणि धोक्यातल्या जातींसाठी तर ते स्वतःच झाकतात.

कढीपत्तावाली:
पामबीच ताई, मी घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर राहते, फिरायला जायला जमत नाही, सासूबाई अंथरुणावर आहेत. माझं सगळं जंगल म्हणजे बाल्कनीतली एक कढीपत्त्याची कुंडी. आणि तरी मी दीड वर्ष फोटो टाकतेय आणि लोक वाट बघतात, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सुरुवात अशी झाली की कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटून मी ती पुसायला गेले तर ती हलली. अळी होती! कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी लहान असताना अगदी शिटेसारखी दिसते, पांढरे-तपकिरी डाग, म्हणजे कुणी खाऊ नये म्हणून. मग कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटी हिरवीगार होते, पानात दिसतसुद्धा नाही, आणि तिला जरा बोट लावलं की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मी रोज एक फोटो टाकत गेले, रोज एकच, खाली दोन ओळी, आज किती पानं खाल्ली, आज कात टाकली, आज काडीला स्वतःला दोऱ्याने बांधून घेतलं. कोश झाल्यावर मात्र लोक मला सकाळी सकाळी मेसेज करून विचारायला लागले की निघालं का. ज्या दिवशी फुलपाखरू निघालं, पंख ओले, चुरगळलेले, ते सुकेपर्यंत मी हलले नाही, सासूबाईंच्या पलंगापाशी फोन धरून त्यांना दाखवलं. कॅमेरा साधाच, फोकस दोनदा चुकला होता, कुणीही काही म्हणालं नाही.

म्हणून मला वाटतं चार हजारांतले वीस निवडून एकदम ओतू नका, कुणी बघणार नाही. तुमच्या ताम्हणाची मालिका करा ना! एकच झाड, महिन्याला एक फोटो, उभं राहायची जागा तीच. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, पण ते बिनपानांचं असताना कसं दिसतं हे कितीजणांनी बघितलंय?

आणि नाव माहीत नसलं तर सरळ लिहा की नाव माहीत नाही, लोक फार आनंदाने सांगतात. इथल्याच एका ताईंनी मला सांगितलं की नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, ज्याला २०१५ मध्ये आपल्या राज्याचं फुलपाखरू केलं, तो लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतो. आता लिंबाची कुंडी आणलीय, वाट बघतेय.

एसटीची_खिडकी:
प्रवासातल्या फोटोंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लालपरीच्या खिडकीतून काढलेले फोटो मला सगळ्यात जास्त आवडतात पण खाली गाडी कुठून कुठे, महिना कोणता, घाट कुठला हे लिहिलेलं हवं. नाहीतर हिरवा डोंगर तो हिरवा डोंगर, माळशेज की आंबोली कसं कळणार.

माणसांचा फोटो मात्र विचारून. मे महिन्यात कल्याण-आळेफाटा रस्त्याला एका मावशींकडून करवंदं घेतली, पानाच्या द्रोणात, त्यांच्या हाताला चीक लागून बोटं काळी झालेली, तो हातांचा फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या काढ की, पण मला कधी दिसणार? पुढच्या मेमध्ये प्रिंट घेऊन गेलो. त्याच झाडाखाली होत्या. फोटो पदराला पुसून बघितला आणि शेजारणीला म्हणाल्या, माझेच हात हे. करवंदांचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. तो फोटो मी त्यानंतरच सगळ्यांसाठी टाकला.

भरती_बघून_निघा:
खाडीवर जाणाऱ्यांनी भरतीचं टेबल बघून निघा. ओहोटीला फ्लेमिंगो आत चिखलावर पसरलेले असतात, लांब गुलाबी रेघ दिसते फक्त. भरतीला चिखल बुडतो, मग ते सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात, तेव्हा मोबाईलनेही बरे येतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. आणि फोटोत चोच यायला हवी, चोच गडद लालसर काळपट तर छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), गुलाबी आणि फक्त टोक काळं तर मोठा रोहित. नुसते पाय आणि पाठ आली तर ओळखणाऱ्यालाही अवघड जातं.

ताई तुम्ही रोज एकाच जागी जाता हे फार मोलाचं आहे. १५ मिनिटं थांबून जेवढे पक्षी दिसले तेवढे मोजून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर, टाकत चला, फोटो असला तर जोडा. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची पक्षीमोजणी, असतो, त्यात तुमच्यासारखे रोज जाणारे हवेच असतात.

पामबीचची_सकाळ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. येऊरवारी, तुमचं वाचून आधी फोनचं लोकेशन बंद केलं, आणि ज्वेलच्या मागच्या झाडावरचे घरट्याचे दोन फोटो होते ते कुठेही टाकणार नाही. ताम्हणाचे तीन वर्षांचे फोटो महिन्याप्रमाणे लावायला घेतलेत, उभं राहायची जागा दर वेळी वेगळी झालीय, आता बाकाच्या कोपऱ्यापाशीच उभी राहीन.

दिवागाव ताई, निवटीचे तीन फोटो निवडलेत. खाली असं लिहिलंय: करावे गावाजवळची खाडी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, ओहोटी, निवटी, दोन नर असावेत, मधलं अंतर वीतभर. नर हे मी भांडत होते म्हणून लिहिलं, तुमच्याकडे कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, नाहीतर ते खोडते आणि मग टाकते. आणि तुमच्या मुलाला दाखवलात की तो काय म्हणाला ते कळवा.

दिवागाव_कन्या:
खोडू नका, पुढे प्रश्नचिन्ह टाका, मी गावात काकांना विचारून सांगते. मुलगा शाळेतून आला की दाखवते.